जोडाचा दगड

सिनेमातला देव बनवायचा तर आधी त्याचं वजन उतरवावं लागतं, हे मोठीला बावीस वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. खरा पितळी देव नायकाच्या हातात दिला की तिसऱ्या टेकला त्याचा खांदा भरून येतो आणि भक्तीऐवजी तोंडावर कळ दिसते. म्हणून देव फायबरचा, तलवार रबराची, सिंहासन थर्माकोलचं. दोन भाऊ आणि दोन जावा मिळून चालवलेला तो कारखाना. थोरला साचे काढायचा, धाकटा दिवे आणि वायरी जोडायचा, आणि सगळ्या वस्तूंना जीव यायचा तो मोठीच्या, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या हातानं. मातीचा पहिला नमुना तिचा, शेवटचा रंग तिचा. धाकटी जाऊ घरात येऊन सहा वर्षं झाली होती. ती फोन घ्यायची, खोकी बांधायची, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची.

कारखान्याचा एक नेम होता. जी वस्तू कॅमेऱ्याजवळ जाणार, तिचे दोन नग जायचे. एक जवळून दाखवायचा, आणि एक आपटायचा, पाडायचा, पाण्यात बुडवायचा. त्या दुसऱ्याला 'जोड' म्हणत. मोठीची पिशवी सेटवर आली की त्यात जोड असणारच, हे सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत.

त्या वर्षी एका साहसपटाचं काम आलं. दिग्दर्शक सतत घड्याळ बघत बोलायचा, म्हणून कारखान्यात त्याचं नाव घाईसाहेब पडलं होतं. त्याला एक पवित्र दगड हवा होता. खलनायक तो गावातून पळवतो, गावाचं पाणी आटतं, नायक दऱ्याखोऱ्या तुडवत तो परत आणतो, अशी कथा.

"हातात मावला पाहिजे," घाईसाहेब म्हणाला, "चमकला पाहिजे, आणि बघताक्षणी वाटलं पाहिजे की याच्यासाठी जीव गेला तरी चालेल. पंधरा दिवसांत."

मोठीनं नवव्या दिवशीच तीन नमुने टेबलावर मांडले. एकाच्या पोटात तांबडा दिवा, एकावर नागाची वेटोळी, एकावर कोरलेले तीन आडवे पट्टे. काम असं की थोरला, जो बायकोचं तोंडावर कधी कौतुक करायचा नाही, तोही म्हणाला, "वा." घाईसाहेब वाकून बघत होता. आणि त्या वेळी धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली, नमुन्यांकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पण हा कुणीतरी घडवलेला दिसतो."

"मग?" मोठी म्हणाली. "घडवलाय मी. आपोआप आला की काय?"

"तसं नाही हो ताई. खरा असतो ना, तो कुणी घडवत नाही. तेच तर त्याचं मोठेपण."

घाईसाहेब प्रथमच घड्याळ बघायचं विसरला. "म्हणजे काय? नीट सांगा."

धाकटीचे वडील कीर्तन करायचे. ते जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा गळा नि त्यांची सांगायची रीत पोरीत उतरली होती, हे त्या घरात कुणाला कळलं नव्हतं. कारण खोकी बांधणाऱ्या सुनेला कोण विचारतो, की बाई, तुला काय येतं म्हणून?

ती आधी चाचरली, मग ट्रे खाली ठेवला. "नदीच्या पात्रात दगड असतात, बाणलिंग म्हणतात त्यांना. हजारो वर्षं पाणी त्यांना फिरवतं, एकमेकांवर घासतं. टोकं जातात, खडबड जाते, आणि उरतो तो असा, दोन्हीकडून गोल. त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही. बाबा म्हणायचे, मूर्तीत देवाला बोलवावं लागतं, इथं तो आधीच येऊन बसलेला असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. लिंग म्हणजे खूण. ज्याला रूपच नाही, त्याची नुसती खूण."

"आणि हे तीन पट्टे?"

"ते कोरायचे नसतात, भस्माचे ओढायचे असतात. कुणी म्हणतं तीन लोक, कुणी म्हणतं तीन गुण. बाबा म्हणायचे, मी, माझं आणि मलाच हवं. या तिघांना जाळलं की जी राख उरते, ती."

मग तिनं गोष्ट लावली. दोन देवांत भांडण जुंपलं, थोरला कोण? तू की मी? हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात दोघांच्या मधोमध आगीचा एक खांब उभा राहिला. ना शेंडा, ना बूड. ठरलं की ज्याला टोक सापडेल तो थोरला. एक वराह होऊन खाली खणत गेला, एक हंस होऊन वर उडत गेला. युगं लोटली. खाली गेलेला परत आला आणि म्हणाला, मला नाही सापडलं. वर गेलेल्याला वाटेत वरून पडत येणारं केवड्याचं फूल भेटलं. त्याला त्यानं खोटी साक्ष द्यायला लावली आणि म्हणाला, मी टोक बघून आलो. "त्या खांबाची ही खूण," धाकटी त्या फायबरच्या दगडावर हात ठेवून म्हणाली. "बाबा हसून सांगायचे, अरे, दोघांच्या मत्सरातून उभा राहिलेला देव आहे हा, म्हणून तर आपल्यासारख्यांना जवळचा वाटतो!"

सांगताना तिचा आवाज कुठं चढत होता, कुठं विरत होता, एका ठिकाणी तर ती चक्क गायली. गोष्ट संपली तेव्हा चहा गार झाला होता आणि थोरल्यानं साच्यासाठी कालवलेलं प्लास्टर बादलीतच दगड होऊन बसलं होतं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मोठीसुद्धा रंगाचा ब्रश हातात धरून तशीच उभी होती. ब्रश वाळला होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

"असा खरा दगड बघायला मिळेल?" घाईसाहेबानं विचारलं.

"घरी देव्हाऱ्यात आहे. बाबांचा."

घर म्हणजे कारखान्याच्या वरचा मजला. ती धावत गेली आणि ओंजळीत घेऊन आली. वीतभरही नाही, काळसर, कडेला किंचित विटकरी झाक, एकही डाग नाही की रेघ नाही. घाईसाहेबानं टोपी काढली. मोठीचे तिन्ही नमुने हातानं बाजूला सारले आणि म्हणाला, "हाच."

मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ दिवस आणि तीन नमुने, आणि ते सारायला एक हात पुरला!

पुढचे दिवस तर विचारूच नका. घाईसाहेबाचा फोन आला की, "धाकट्या वहिनींना द्या." पटकथेत शंका आली की, "धाकट्या वहिनींना विचारा." गुहेच्या रंगाचं ठरवायचं होतं, ते बावीस वर्षं कोण ठरवत आलं? तेही धाकट्या वहिनींना. सेटवर तिच्यासाठी घाईसाहेबाच्या शेजारी घडीची खुर्ची आली. मोठी इतकी वर्षं सेटवर जात होती, ती खोक्यावर बसून. एकदा जेवताना थोरला सहज बोलून गेला, "काय सांगते गं ती! ऐकतच बसावं."

"मग बसा की," मोठी म्हणाली, "पोळ्या पण तिच्याच हातच्या घ्या आजपासून."

"यात चिडण्यासारखं काय आहे?"

"कोण चिडलंय? मी?" आणि पातेल्यावर झाकण असं आदळलं की वरचा पंखासुद्धा दचकला असेल.

वाईट याचं होतं की धाकटी वाकड्यात शिरत नव्हती. रोज संध्याकाळी येऊन म्हणायची, "ताई, तुम्ही पण चला ना माझ्याबरोबर बसायला." मोठीला त्या गोड बोलण्यानं जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटे. भांडायला कारण सापडेना, म्हणून आतल्या आत जळणं दुप्पट.

आणि एका दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, तिच्या मनात ते आलं. घडवता येत नाही म्हणते काय? बघू या.

बागेत पसरायला नदीतले गोटे विकणारा एक माणूस तिच्या ओळखीचा होता. त्याच्या आवारात उन्हात बसून तिनं दोन तास गोटे उलथेपालथे केले आणि एक उचलला. तोच रंग, तीच विटकरी झाक. आकार नव्वद टक्के, वजन थोडं जास्त. मग आठ दुपारी मागच्या मोरीत बसून ती घासत राहिली. आधी जाड वाळू, मग बारीक वाळू, मग चामड्याचा तुकडा. देव्हाऱ्यातला दगड ती तेवढ्यापुरता खाली आणायची, शेजारी ओल्या फडक्यावर ठेवायची, डोळे मिटून एकावरून बोटं फिरवायची, मग दुसऱ्यावरून. रंग कालवायच्या काट्यावर दोन्ही तोलायची. शेवटच्या दिवशी आकडे अगदी सारखे आले. मग आणखी आठ दिवस त्याला तेल मुरवलं, कारण बाबांच्या दगडाला वर्षानुवर्षांचं तेलपाणी होतं.

आपल्या हातच्या प्रत्येक वस्तूच्या बुडाशी ती तांदळाएवढी एक खाच पाडत असे. ती तिची सही. या खेपेला छिन्नी टेकवली आणि उचलली. खाच नको. एवढीशीही खूण नको. बेत असा होता की चित्रीकरणाच्या दिवशी आपला दगड पुढं करायचा, सगळ्यांना हात जोडू द्यायचे, धाकटीलाही जोडू द्यायचे, आणि मग चारचौघांत शांतपणे म्हणायचं, "हा मी केलाय."

ती सकाळ उजाडली. निघताना धाकटीनं बाबांचा दगड रुमालात गुंडाळला आणि मोठीच्या हातात दिला. "तुमच्याकडेच राहू दे ताई. तुमच्या हातून वस्तू कधी पडत नाही."

मोठीनं तो पिशवीत तळाशी ठेवला. आणि सेटवर पोचल्यावर वरचा, आपला, काढून दिला.

गोदामाएवढ्या जागेत गुहा उभी केली होती. उंच पायऱ्या, खाली गढूळ पाण्याचा हौद. मधल्या चौथऱ्यावर दगड ठेवला, त्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले, एक दिवा तिरका लावला. कॅमेरा हळूहळू जवळ गेला. इतक्या माणसांच्या सेटवर कुणी खोकलं नाही. घाईसाहेब पडद्याकडे बघत होता. "कट" म्हणायचं विसरला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "माणसाच्या हातानं असं काही होणं शक्य नाही."

बावीस वर्षांत मोठीला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती, आणि ती दुसऱ्याच्या खात्यावर पडत होती! धाकटी खुर्चीतून उठली होती. हात जोडलेले, डोळे भरलेले, ओठ हलत होते. बाबांशीच बोलत असावी. मोठीच्या छातीत एकदम ऊन पसरलं आणि त्याच वेळी काहीतरी रुतलं. बोल आता, तिनं स्वतःला बजावलं. हीच वेळ आहे. तिनं तोंड उघडलं.

"झकास! हातासरशी घरंगळण्याचा शॉट पण घेऊन टाकू," घाईसाहेब ओरडला. "पायऱ्यांवरून हौदात. चला, चला!"

प्रॉपर्टीवाला जुना माणूस. घरंगळायचं म्हटलं की जोड, आणि जोड म्हटलं की वहिनींची पिशवी. विचारायचं काय त्यात? मोठी मागं वळते तो तिची पिशवी उघडी, रुमाल बाजूला, आणि बाबांचा दगड सर्वांत वरच्या पायरीवर.

"अहो, थांबा..." तिचा आवाज फुटलाच नाही.

"ॲक्शन!"

दगड टप्पे खात आला आणि हौदात बुडाला. धाकटी शांत उभी होती. तिच्या लेखी तो जोड होता.

"पडताना दिसलाच नाही!" घाईसाहेब ओरडला. "परत. तो काढत बसू नका, दुसरा आहे ना? सोडा तो!"

प्रॉपर्टीवाल्यानं चौथऱ्यावरचा उचलला. आता मात्र धाकटी किंचाळली, "अहो, तो नको! तो बाबांचा आहे!" पण तोवर त्याच्या हातून सुटला होता. चार टप्पे, आणि दुसऱ्यांदा पाणी उडालं.

मोठीनं वहाणा काढल्या नाहीत की साडी वर खोचली नाही. ती तशीच हौदात उतरली, मांडीपर्यंत चिखलात, आणि दोन्ही हातांनी तळ चाचपू लागली. एक सापडला. मग दुसरा. दोन्ही बाहेर आणून टॉवेलवर ठेवले. पायऱ्यांवर फोम होता, दोघांनाही ओरखडा नव्हता. स्वच्छ पाण्यानं धुतले, पुसले. भस्म गेलं होतं. सगळे भोवती जमले.

"अगं बाई," धाकटी म्हणाली, "ताई, जोड इतका हुबेहूब केलात? कुणाला पत्ता लागू दिला नाहीत! बाबांचा कोणता यातला?"

मोठीनं बघितलं. एक उचलला. दुसरा उचलला. जड-हलका काही नाही. थंड-गरम काही नाही. तिची बोटं आयुष्यात पहिल्यांदा तिला काही सांगेनात. जे तिनं इतक्या मेहनतीनं पुसलं होतं, ते खरोखरच पुसलं गेलं होतं.

"ताई?"

सेटवरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती. जिनं केला तिला नाही कळणार तर कुणाला? घाईसाहेबानं घड्याळ बघितलं. आणि मोठीनं उजवीकडच्यावर बोट ठेवलं.

"हा."

धाकटीनं तो पदरात घेतला, कपाळाला लावला. "वाचले बाई," म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून."

पुढचे चार दिवस मोठीनं जे काढले, ते वैऱ्यावर येऊ नयेत. रोज सकाळी धाकटी देव्हाऱ्यासमोर बसायची, दगडावर पाणी घालायची, गुणगुणायची, आणि मोठी ओट्यापाशी पाठ करून उभी. तो आपला असेल तर? तर आपल्या हातच्या वस्तूची पूजा चाललीय. याची एक चोरटी गुदगुली व्हायची आणि तिच्या मागोमाग शरमेनं कान तापायचे. आणि तो खरा असेल, तर आपण जो खाली कारखान्यातल्या ड्रॉवरमध्ये खिळ्या-पेचकसांत टाकलाय, तो आपला. मग तिला देव्हाऱ्यातल्या दगडाचा हेवा वाटायचा. माणसाचा हेवा करून करून बाई दगडापर्यंत येऊन पोचली होती!

देव्हाऱ्यातला आपला असेल तर, याच्या पुढचा विचार ती करतच नव्हती. मग ड्रॉवरमधला बाबांचा? पण न केलेला विचार जास्त टोचतो. ती दिवसातून सहा वेळा ड्रॉवर उघडायची, खिळे बाजूला करायची, खाली फडकं घालायची, बंद करायची.

"ड्रॉवरमध्ये मांजर व्यालीय का?" थोरल्यानं विचारलं.

पाचव्या सकाळी पुरुष बाहेर गेल्यावर तिनं ड्रॉवरमधला दगड वर आणला आणि देव्हाऱ्यासमोर, पाटावर बसलेल्या धाकटीपुढं ठेवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"तुझा कोणता ते. मी त्या दिवशी खोटं बोट ठेवलं."

धाकटी हसली. "असू दे हो. घाईगडबडीत..."

"थांब. सगळं ऐक. कॅमेऱ्यासमोर ठेवला होता तो तुझ्या बाबांचा नव्हताच. तो माझा होता. मुद्दाम केला. तू हात जोडावेस, आणि मग सगळ्यांसमोर तुला सांगावं, म्हणून केला. तुझा पिशवीत तळाशी होता. पहिला घरंगळवला तो तुझा. तू शांतपणे बघत होतीस, आणि मी बघत होते."

धाकटीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग बोलली तेव्हा तिच्या आवाजात ना चढ होता ना उतार.

"मी रडले त्या दिवशी. बाबा दिसले मला त्यात."

"हो."

"तुमच्या दगडात."

"हो."

"का पण? मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

"काही नाही केलंस. हेच तर. ते सगळे तुझं ऐकत होते गं. प्लास्टर बसलं बादलीत! बावीस वर्षं मी काम करते, माझ्या कामापायी कुणाचं प्लास्टर बसलं नाही."

"आणि मला काय वाटायचं, ठाऊक आहे?" धाकटीचा आवाज आता तापला. "सहा वर्षं मी तुमच्या मागं उभी राहून तुमचे हात बघतेय. मातीच्या गोळ्याला तुम्ही अंगठ्यानं असा एक दाब देता आणि तो हसायला लागतो. घरी जाऊन मी कणकेवर करून बघायची, मला नाही जमायचं. एकदा तरी म्हणालात का, ये, घे ही छिन्नी? माझ्या हातात काय दिलंत, तर चिकटपट्टी! मला बोलता येतं म्हणून बोलले. दुसरं काही येऊच दिलं नाहीत तुम्ही."

असं काही असेल हे मोठीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण जिच्यावर जळत होतो ती आपल्यावर जळत होती, आणि दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करत होतो.

"एक उपाय आहे," धाकटी डोळे पुसून म्हणाली. "बाबा सांगायचे. बाणलिंग तांदळानं तोलतात. तीनदा तोलायचं. खरं असेल तर प्रत्येक वेळी वजन वेगळं भरतं. नुसता दगड असला तर तेवढंच."

काटा आकडे दाखवणारा नको, पारड्यांचा तराजू हवा. तो खाली मांडणीवर होता, एका जुन्या सिनेमासाठी केलेला. दोघींनी तो आणला, तांदळाचा डबा घेतला आणि स्वयंपाकघरात फतकल मारून बसल्या. पहिला दगड तोलला. तांदूळ वाटीनं मोजले. साडेआठ वाट्या. पुन्हा तोलला, नऊ. तिसऱ्यांदा आठच.

"हाच!" धाकटीचा चेहरा उजळला.

मोठीनं दुसरा ठेवला. नऊ. सव्वाआठ. साडेनऊ.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"ताई, हा तराजू..."

"मीच केलाय. कथिलाची पारडी, दांडा लाकडी, रंग पितळेचा. खोटाच तो. वाटाणासुद्धा धड तोलणार नाही."

आधी धाकटीला हसू फुटलं. मग मोठीला. तांदूळ फरशीभर सांडले होते आणि दोघी जावा त्यांच्यामध्ये बसून पोट धरून हसत होत्या. हसता हसता मोठी कधी रडायला लागली तिचं तिलाच कळलं नाही. धाकटीनं तिला जवळ घेतलं नाही. तेवढी माफी अजून झाली नव्हती. पण पदराचं टोक पुढं केलं.

"तो गोटा तुम्ही आणलात कुठून?" तिनं विचारलं.

"बागेचे दगड विकतो त्याच्याकडून. नदीतलाच होता तोही. नव्वद टक्के तसाच होता. उरलेलं मी घासलं."

"म्हणजे नदीनं केला, आणि शेवटचे आठ दिवस तुमच्याकडे पाठवला," धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून, "काय मोठा तीर मारलात मग?"

हे मात्र मोठीला झोंबलं. पण आज झोंबून घेण्याचीच पाळी होती.

"आता तूच सांग," ती म्हणाली. "एक ठेव. दुसरा मी नदीत सोडून येते."

धाकटीनं दोन्ही दगड पुढ्यात घेतले. हात एकावर गेला, दुसऱ्यावर गेला, परत पहिल्यावर आला. आणि मोठीच्या मनात काय चाललं होतं म्हणाल तर, आयुष्यभर जी बाई 'माझंच उचला, माझंच उचला' म्हणत आली होती, ती आज देवापुढं जीव गोळा करून म्हणत होती, माझा नको. हिचा हात माझ्यावर पडू देऊ नकोस. माझा असेल तो राहू दे बाजूला.

धाकटीनं एक उचलून देव्हाऱ्यात ठेवला. दुसरा उचलून मोठीच्या ओंजळीत ठेवला.

"नदीत नाही सोडायचा. हा तुमच्याकडे."

"आणि हा बाबांचा असला तर?"

"तर बाबा तुमच्याकडे राहतील. म्हाताऱ्या माणसाला तुम्ही उपाशी ठेवायच्या नाहीत, एवढी ओळखते मी तुम्हाला."

"आणि तुझ्याकडचा माझा असला तर?"

"तर रोज सकाळी तुमच्या हाताला नमस्कार घडेल माझा. तेवढंच तुमचं पोट दुखायचं थांबेल." ती उठली आणि तांदूळ गोळा करायला सूप आणायला गेली. "आणि दुपारी मी खाली येणार आहे. चिकटपट्टी लावायला नाही. काय ते समजून घ्या."

सिनेमाच्या श्रेयनामावलीत वस्तू-निर्मितीखाली कारखान्याचं नाव आलं, सल्लागार म्हणून धाकटीचं. त्या दगडापुढं कुणाचंच नाव नव्हतं. घाईसाहेब म्हणाला होता, निसर्गाचं काय नाव लिहायचं? मोठीनं ते ऐकलं आणि छिन्नीला धार लावायला घेतली.

दुपारी धाकटी छिन्नी धरते. पहिल्याच दिवशी तिची पकड बरोबर पडली तेव्हा मोठीच्या कपाळावर आठी उमटलीच. मग ती पुढं झाली आणि तिचा अंगठा अर्धा पेर खाली सरकवला. "इथं. नाहीतर नख जाईल."

आणि सकाळी दोन पाट मांडलेले असतात. मोठी आपल्या दगडावर पाणी घालते. बोटं त्यावरून फिरतात, आपली घासणी शोधतात. कधी एका कडेला ती सापडल्यासारखी वाटते, नि मग ती चटकन शेजारच्या पाटावर बघते, हिचाच खरा की काय म्हणून. कधी काहीच सापडत नाही, नुसता गारवा लागतो, आणि त्या गारव्यात हात कुणाचा आणि दगड कुणाचा हे क्षणभर कळेनासं होतं.

"ताई," शेजारच्या पाटावरून आवाज येतो, "ताम्हण भरलं. पाणी खाली चाललंय."